८२ टक्के, पण कशाचे?

नेटवर्किंगमध्ये पीएचडी करायची म्हटलं की काही पेपर हमखास वाचावे लागतात. ब्रायन फोर्ड, प्यदा श्रीसुरेश आणि डॅन केगेल यांचा २००५ च्या युसेनिक्स परिषदेतला पेपर त्यातलाच. नॅटच्या, म्हणजे नेटवर्क अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशनच्या, मागे बसलेले दोन संगणक एकमेकांशी थेट कसे बोलतील, हा त्याचा विषय. त्यातला एक आकडा जिकडेतिकडे उद्धृत होतो: यूडीपी होल पंचिंग ८२ टक्के नॅटवर चालतं, टीसीपीचं ६४ टक्के. मीही तो माझ्या पहिल्या अहवालात टाकला होता. गाइडनी समासात एकच शब्द लिहिला, "कशाचे?" मला उत्तर देता आलं नाही.

आधी थोडक्यात मुद्दा. नॅट म्हणजे सोसायटीचा वॉचमन समजा. आतून कोणी बाहेर पॅकेट पाठवलं की तो वहीत नोंद करतो, आणि नोंद असेल तरच बाहेरच्याला आत सोडतो. होल पंचिंगमध्ये दोन्ही बाजू एकमेकांच्या दिशेने आतून पॅकेट पाठवतात, म्हणजे दोन्ही वह्यांत नोंद होते. मात्र आतल्या एका पोर्टसाठी नॅटने बाहेर सगळ्यांना एकच पोर्ट दाखवायला हवा. दर ठिकाणी वेगळा दाखवला तर समोरच्याने पॅकेट पाठवायचं कुठे?

हे तपासायला लेखकांनी नॅटचेक नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. तो वेगवेगळ्या पत्त्यांवरच्या तीन सर्व्हरशी बोलतो. पहिल्या दोघांना तोच पोर्ट दिसला का? ज्याला आपण काही पाठवलंच नाही त्या तिसऱ्याचं उत्तर आत आलं का? इतकी साधी, कोणालाही पुन्हा करता येईल अशी चाचणी ही या पेपरची खरी ताकद आहे.

आता आकड्याकडे या. ८२ टक्के म्हणजे ३८० पैकी ३१० नोंदी. ६४ टक्के म्हणजे २८६ पैकी १८४, कारण टीसीपीची चाचणी प्रोग्राममध्ये नंतर आली. म्हणजे दोन्ही आकडे एकाच नमुन्याचे नाहीत. शिवाय नोंदी इंटरनेटवरच्या स्वयंसेवकांनी पाठवलेल्या. असा प्रोग्राम उतरवून चालवणारा माणूस सर्वसाधारण ग्राहक असेलच असं नाही. आणि जोडणीला दोन टोकं लागतात. दोन्ही टोकांना 'चांगला' नॅट असण्याची शक्यता, ती एकमेकांवर अवलंबून नाहीत असं धरलं तर, ०.८२ चा वर्ग, म्हणजे सुमारे ६७ टक्के. एका बाजूचं फिल्टरिंग अगदी सैल असेल तर दुसरी बाजू वाईट असूनही काम होतं, म्हणून ६७ हेही अंतिम उत्तर नाही.

एक मर्यादा लेखकांनी स्वतःच मांडली आहे. काही नॅट एकच संगणक असेपर्यंत नीट वागतात, पण आतल्या दोघांनी तोच पोर्ट वापरला की वागणूक बदलतात. एकाच मशीनवरच्या चाचणीत हे दिसत नाही. मी हे वाचलं होतं, तरी हॉस्टेलच्या नेटवर्कवर एका लॅपटॉपवरून कमांड चालवून 'नॅट अनुकूल' लिहून मोकळा झालो. नंतर रूममेटच्या लॅपटॉपवर तोच लोकल पोर्ट बांधून दोन्हीकडे एकदम चाचणी घेतली, तर दुसऱ्या मशीनचा बाहेरचा पोर्ट दर सर्व्हरला वेगळा! प्रकरणातलं अख्खं कोष्टक पुन्हा करावं लागलं.

लेबलांचीही हीच गत. २००३ च्या आरएफसी ३४८९ ने नॅटचे चार प्रकार पाडले: फुल कोन, रिस्ट्रिक्टेड कोन, पोर्ट रिस्ट्रिक्टेड कोन आणि सिमेट्रिक. २००८ च्या आरएफसी ५३८९ ने ती वर्गवारी सदोष ठरवून काढून टाकली, कारण प्रत्यक्षातले कितीतरी नॅट त्या खणांत बसेनात. २०१० च्या आरएफसी ५७८० मध्ये मॅपिंग आणि फिल्टरिंग वेगवेगळं तपासतात, पण तीही प्रायोगिकच. तरी आजही प्रबंधांत "आमचा नॅट सिमेट्रिक आहे" असं वाक्य सर्रास सापडतं. कधी, किती वेळा, कोणत्या सर्व्हरविरुद्ध तपासलं, याचा पत्ता नाही. फिल्टरिंग तपासायला स्टन सर्व्हरला दुसरा पत्ता लागतो. तो नसेल तर ती चाचणी होतच नाही, आणि टूलने दाखवलेलं अपयश नॅटच्या नावावर जमा होतं.

म्हणून पेपर वाचाच, पण नुसते आकडेच नाही तर पद्धतीचा भागही वाचा. स्वतः चाचणी घ्याल तेव्हा टूलचा निष्कर्ष नको, कच्च्या नोंदी ठेवा: वेळ, लोकल पोर्ट, सर्व्हरने पाहिलेला पत्ता आणि पोर्ट, त्या वेळी चालू असलेली मशीन. राउटरच्या बाहेरच्या बाजूला १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला तर वर सेवा पुरवठादाराचाही नॅट असण्याची दाट शक्यता आहे, तेही लिहा. टक्केवारी सगळ्यात शेवटी काढा, आणि तिच्या शेजारी कशाचे टक्के ते लिहा. नाहीतर समासात कोणीतरी विचारेलच.