लाल पेन्सिलीची गोष्ट आणि उकैरचा मसुदा : डिक्सन यांच्या कथनाची चिकित्सा

अरबस्तानातील वाळवंटी सीमा कशा ठरल्या, हा विषय पदवी वर्गात निघाला की एक प्रसंग हमखास सांगितला जातो. १९२२ च्या अखेरीस अल-हसाच्या किनाऱ्यावरील उकैर या लहानशा बंदरात इराक, नज्द आणि कुवेत यांच्या सीमांविषयी बोलणी सुरू होती. कित्येक दिवस वाद घालूनही काही निष्पन्न होईना. तेव्हा इराकमधील ब्रिटिश हायकमिशनर सर पर्सी कॉक्स यांचा संयम सुटला. त्यांनी नज्दचे सुलतान इब्न सऊद यांना शाळकरी मुलासारखे खडसावले, लाल पेन्सिल घेतली आणि नकाशावर सीमा आखून टाकली. या प्रसंगाचा मुख्य आधार म्हणजे हॅरल्ड डिक्सन यांचा ‘कुवेत अँड हर नेबर्स’ (१९५६) हा ग्रंथ. १९९० साली इराकने कुवेतवर आक्रमण केले, त्यानंतर हा प्रसंग पुन्हा पुन्हा उद्धृत झाला आणि वसाहतवादी मनमानीचा नमुना म्हणून रूढ झाला. तो किती विश्वसनीय आहे आणि त्यातून नेमके काय शिकवले जाते, याची तपासणी करणे आवश्यक आहे.

कथनाचे बळ

डिक्सन ऐकीव माहिती सांगत नाहीत. ते उकैरला कॉक्स यांच्यासोबत होते. १९२९ ते १९३६ या काळात ते कुवेतमध्ये पोलिटिकल एजंट होते आणि १९५९ मध्ये त्यांचे निधनही तेथेच झाले. बदू जीवनाचे त्यांचे ज्ञान किती सखोल होते, हे ‘द अरब ऑफ द डेझर्ट’ (१९४९) या त्यांच्या आधीच्या ग्रंथावरून दिसते. उकैरच्या प्रकरणातही ते केवळ आपल्या वरिष्ठांची स्तुती करीत नाहीत. वाळवंटात युरोपीय पद्धतीची कायम रेषा आखणे ही चूक होती, असे त्यांचे मत आहे. सीमा जमिनीवरून न ठरवता कबिल्यांवरून ठरवावी, हा इब्न सऊद यांचा मुद्दाही ते प्रामाणिकपणे नोंदवतात. म्हणूनच त्यांचे कथन सहजासहजी बाजूला सारता येत नाही.

कथनाची मर्यादा

तथापि, हा ग्रंथ घटनेनंतर ३४ वर्षांनी प्रसिद्ध झाला, हे विसरता कामा नये. आठवणीत प्रसंग ठळक राहतो आणि प्रक्रिया पुसट होते. डिक्सन यांचे कथन वाचले की सर्व निर्णय एका बैठकीत झाल्यासारखा वाटतो. कागदपत्रांचा क्रम पाहिला तर चित्र बदलते.

५ मे १९२२ रोजी मुहम्मरा येथे इराक व नज्द यांच्यात एक तह झाला होता. त्यात सीमारेषेपूर्वी कबिल्यांची विभागणी ठरली. मुंतफिक, दफीर आणि अमारात हे इराककडे, तर शम्मर नज्दकडे. इब्न सऊद यांनी हा तह मान्य करण्यास नकार दिला. दफीर कबिला इराककडे जाणे हा त्यांच्या आक्षेपाचा एक प्रमुख मुद्दा होता. उकैरची परिषद ही याच अपुऱ्या तहाची पूर्तता होती. कुवेतच्या बाबतीतही १९१३ च्या ब्रिटन-तुर्कस्तान करारात आतली लाल आणि बाहेरची हिरवी अशा दोन रेषा आधीच आखलेल्या होत्या. तो करार कायम झाला नाही, परंतु त्याचा नकाशा शिल्लक होता. थोडक्यात, कॉक्स यांची पेन्सिल कोऱ्या कागदावर चालली नव्हती.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. पेन्सिलीचा अधिकार कशातून आला, हे या प्रसंगातून कळत नाही. त्या काळात इब्न सऊद यांना ब्रिटिशांकडून दरमहा ५००० पौंड तनखा मिळत असे, तो १९२४ मध्ये बंद झाला. इराकमध्ये ब्रिटिश हवाई दल तैनात होते. उलट, नज्दच्या इख्वान लढवय्यांनी १९२० मध्ये जहरापर्यंत धडक मारलेली असल्याने ब्रिटिशांनाही इब्न सऊद यांची मर्जी राखणे भाग होते. पैसा, विमाने आणि उंटस्वारांची ताकद यांचा हा व्यवहार डिक्सन यांच्या कथनात एका अधिकाऱ्याच्या संतापापुरता उरतो.

मसुदा काय सांगतो?

कथनाशेजारी २ डिसेंबर १९२२ चा मसुदा ठेवला की फरक स्पष्ट होतो. ज्यांनी केवळ रेघ ओढली, त्यांनी त्याच मसुद्यात ती रेघ सैलही केली. अनेक विहिरी इराकच्या बाजूला गेल्याने नज्दची बाजू त्यांना मुकते, हे मसुद्यात मान्य केले आहे. सीमेलगतच्या नज्दी कबिल्यांना इराकमधील विहिरी अधिक जवळच्या असतील, तर तेथे पाण्यासाठी येण्यास इराकने अडथळा करू नये, असे ठरले. सीमेजवळच्या विहिरींवर किल्ले बांधू नयेत आणि तेथे फौज जमवू नये, असेही कलम घातले गेले. शिवाय नज्द-इराक आणि नज्द-कुवेत यांच्यामध्ये दोन तटस्थ प्रदेश निर्माण झाले. म्हणजे कबिल्यांच्या फिरतीविषयीचा इब्न सऊद यांचा युक्तिवाद पूर्णपणे फेटाळला गेला नव्हता; तो कलमांच्या रूपाने मसुद्यात शिरला होता.

पुढचा संघर्षही रेषेपेक्षा या कलमांवरून पेटला. १९२७ मध्ये इराकने बुसैया येथील विहिरीजवळ पोलीस चौकी बांधण्यास सुरुवात केली. नोव्हेंबरमध्ये मुतैर कबिल्याच्या लोकांनी हल्ला करून तेथील माणसे मारली. चौकी सीमेपासून बरीच आत आहे, असे इराकचे म्हणणे होते. हा करारभंग आहे, असे नज्दचे. सीमेची ‘जवळीक’ किती मैलांची, हे मसुद्यात नव्हते. १९२८ मध्ये सर गिल्बर्ट क्लेटन यांनी जिद्दा येथे दोनदा बोलणी केली, ती निष्फळ ठरली. लाल पेन्सिलीच्या गोष्टीत विहिरीला जागाच नसल्याने, ती गोष्ट ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला बुसैयाचा उलगडा होऊ शकत नाही.

अनुपस्थित पक्ष

डिक्सन यांच्या कथनातील सर्वांत गंभीर बाब त्यांनी स्वतःच नोंदवलेली आहे, पण पेन्सिलीच्या झगमगाटात ती वाचकाच्या नजरेतून सुटते. कुवेतच्या वतीने उकैरला कोणी कुवेती नव्हता. ब्रिटिश पोलिटिकल एजंट मेजर मोर हेच कुवेतचे प्रतिनिधी होते. हिरव्या रेषेतील दक्षिणेकडचा मोठा प्रदेश गेल्याचे शेख अहमद अल-जाबिर यांना नंतर सांगण्यात आले. वसाहतवादी राजनीतीचा खरा दोष येथे आहे. दुर्बल पक्षाचा आवाज त्याच्या ‘संरक्षका’नेच वापरला.

नेमक्या याच ठिकाणी साम्राज्यवादाचे टीकाकारही फसतात. लाल पेन्सिलीचा प्रसंग ते आरोप म्हणून सांगतात, परंतु त्याची रचना कॉक्स यांना थोर करणारी आहे. त्यात एकच माणूस कर्ता असतो आणि इब्न सऊद यांच्यासारखा मुत्सद्दी रडवेला मुलगा होतो. त्याच सुमारास उकैरला असलेले अमीन रिहानी यांचा इब्न सऊद यांच्यावरील ग्रंथ (१९२८) शेजारी ठेवला तर तोल साधतो. रिहानी हे सुलतानांचे चाहते असल्याने त्यांचे लेखनही तपासूनच घ्यावे लागते.

निष्कर्ष

डिक्सन यांचा ग्रंथ टाकाऊ नाही. तो एकटा पुरेसा नाही. महाविद्यालयीन अध्यापनात प्रसंग, मसुदा आणि नकाशा ही तिन्ही साधने एकत्र ठेवणे इष्ट ठरेल. भारतीय अध्यापकांना हे अवघड नाही. कॉक्स हे हिंदुस्थान सरकारच्या राजकीय सेवेत वाढलेले अधिकारी होते. आखाताची बुशहर रेसिडेन्सी १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या अधिपत्याखाली होती. इंडिया ऑफिसच्या आखातविषयक दप्तरांचा मोठा भाग २०१४ पासून कतार डिजिटल लायब्ररीमार्फत खुला झालेला आहे. विद्यार्थ्यांसमोर प्रसंग वाचून दाखवावा आणि लगेच विचारावे : या खोलीत कोण नव्हते, आणि विहिरी कोणाच्या बाजूला गेल्या? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना विद्यार्थी आपोआप पेन्सिलीकडून मसुद्याकडे वळतील.