मेंढीचे दात आणि गळून पडलेला ‘कदाचित’

रूट कॅनालमधल्या औषधांचा डेंटिनवर काय परिणाम होतो, या विषयावर सिनॉप्सिस लिहायला घेतला की आंद्रेआसेन, फारिक आणि मुंक्सगार्ड यांचा २००२ चा पेपर टाळता येत नाही. ‘कॅल्शियम हायड्रॉक्साइडने दात कमजोर होतो’ असं वाक्य लिहायचं आणि पुढे हा संदर्भ टाकायचा, अशी रीतच पडली आहे. पण पेपर मुळातून किती जण वाचतात?

प्रश्न खरा होता. सात-आठ वर्षांचं मूल पडतं, पुढच्या दाताची नस मरते. मूळ अजून पूर्ण वाढलेलं नसतं, टोक उघडं असतं. तेव्हा टोक बंद होईपर्यंत कॅल्शियम हायड्रॉक्साइड महिनोन्‌महिने आत ठेवत. त्यातले बरेच दात पुढे मानेपाशी मोडत. स्वेक यांनी १९९२ मध्ये रुग्णांच्या नोंदींतून हे दाखवलं होतं.

आता प्रयोग बघा. मेंढीचे अपक्व दात काढले, काहींमध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरलं आणि अर्धा महिना ते बारा महिने सलाईनमध्ये ठेवले. मग ते मशीनवर मोडून पाहिले. जितके जास्त दिवस, तितकी ताकद कमी. सुमारे वर्षभरात ती निम्मी होईल, असा निष्कर्ष.

माझी अडचण कंट्रोलपाशी आहे. सलाईन भरलेले दात ठेवले फक्त दोन महिने, आणि अखंड दात तर काढल्याबरोबर तपासले. म्हणजे बारा महिन्यांच्या औषधाची तुलना बारा महिन्यांच्या सलाईनशी झालीच नाही. मग ताकद घटली त्यात औषधाचा वाटा किती आणि नुसतं इतके दिवस साठवून ठेवण्याचा किती? हे या रचनेतून वेगळं काढता येत नाही.

दुसरं, हे दात तोंडाबाहेरचे. रक्तपुरवठा नाही, भोवती हाड नाही. आणि स्वेक यांच्या रुग्णांमध्ये मूळ जितकं कमी वाढलेलं, तितके दात जास्त मोडले होते. म्हणजे पातळ भिंत हेही एक कारण आहेच.

मग पेपर टाकाऊ? अजिबात नाही. जवळपास १२.५ पीएचचा पदार्थ कोलॅजन आणि खनिज यांना जोडणाऱ्या प्रथिनांना धक्का लावेल, ही शंका रास्त आहे. दीर्घकाळ औषध ठेवण्याऐवजी एमटीएने टोक बंद करण्याकडे कल वळला, त्यात या पेपरचाही हात आहे. शिवाय लेखक सावध होते: शीर्षकातच त्यांनी धोका ‘वाढू शकतो’ म्हटलंय. तो ‘शकतो’ आपण उद्धृत करणाऱ्यांनी गाळला.

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना एक करा. ॲबस्ट्रॅक्टवर थांबू नका. मटेरियल्स अँड मेथड्स उघडा आणि प्रत्येक गटापुढे किती दिवस ठेवला ते लिहा. आकडे जुळले नाहीत, तर तुमच्या कामाचा प्रश्न कदाचित तिथेच सापडेल.