सोफ्यावरची आणि काळ्या पोशाखातली

दोन पुरुष सोफ्यावर गप्पांत रंगले आहेत आणि त्यांच्या मधोमध एक स्त्री बसली आहे. त्यांचं बोलणं तिच्या डोक्यावरून चाललं आहे. तिचे मोठे निळे डोळे दोघांपैकी कुणाकडेच वळलेले नाहीत. ते कुठेतरी लांब लागले आहेत. सिग्रिद येर्तेन या स्वीडिश चित्रकर्तीनं 1916 साली रंगवलेल्या 'स्टुडिओचा अंतर्भाग' या चित्रातली ही स्त्री म्हणजे ती स्वतः. दोघा पुरुषांपैकी एक तिचा नवरा, चित्रकार इसाक ग्रूनेवाल्ड. दुसरा बहुधा चित्रकार एइनार योलिन.

आपण तिच्यापाशी थांबू पाहतो, पण पुढ्यातली काळ्या पोशाखातली बाई थांबू देत नाही. तिसऱ्याच एका पुरुषाला रेललेली ही बाई ऐटबाज आहे, चार लोकांत वावरायची सवय असलेली आहे. ही सिग्रिदचंच दुसरं रूप असं अभ्यासक म्हणतात, आणि मला ते मनापासून पटतं. उजव्या कोपऱ्यातून तिचा लहानगा मुलगा इवान चित्रात शिरू पाहतो आहे. मागं तिचंच एक चित्र दिसतं, जिप्सी स्त्रीचं. बायको, आई, झगमगत्या शहरातली बाई, सगळ्या एका खोलीत हजर आहेत. मात्र हातात कुंचला घेतलेली सिग्रिद या स्टुडिओत कुठेच नाही. चित्रकार म्हणून तिची साक्ष देतं ते फक्त मागचं चित्र. स्वतःच्याच स्टुडिओत तिनं स्वतःला अशी जागा दिली, यात मला तक्रारीपेक्षा धारदार निरीक्षण दिसतं. गप्पांत जिला कुणी विचारत नाही, तिनंच तर कोण कुठे बसणार हे ठरवलं आहे.

हे साधतं ते तिच्या रचनेमुळे. खोलीला खरी खोली द्यायचं तिनं टाळलं. यथादर्शनाच्या नियमांनी रंगवलं असतं, तर पुढची बाई ठळक झाली असती आणि सोफ्यावरची मागं विरली असती. इथं रंगांचे सपाट पट्टे आणि लांबवलेल्या, वळणदार आकृती सगळ्यांना एकाच पातळीवर ओढून आणतात. त्यामुळे दोघींतली खरी कोण हा प्रश्न सुटत नाही, तो सुटूही नये. लघुचित्रांवर पोसलेल्या आपल्या डोळ्यांना हा सपाटपणा परका वाटणार नाही. सिग्रिदनं स्वतः 1911 मध्ये 'स्वेन्स्का दाग्ब्लादेत' या दैनिकात आधुनिक आणि पौर्वात्य कलेवर लेख लिहिला होता, म्हणजे हा मार्ग तिनं विचारपूर्वक निवडलेला होता.

सुंड्सवाल इथं 1885 मध्ये जन्मलेली ही मुलगी स्टॉकहोममध्ये चित्रकलेची शिक्षिका व्हायला शिकली होती. 1909 मध्ये इसाक भेटला, त्यानं तिला चित्रकार हो म्हणून गळ घातली आणि ती पॅरिसला फ्रेंच चित्रकार मातीस याच्या वर्गात जाऊन बसली. तिच्या रंगांच्या जाणिवेमुळे ती मातीसची लाडकी विद्यार्थिनी झाली असं सांगतात. 1911 मध्ये लग्न आणि त्याच वर्षी इवानचा जन्म. घर आणि स्टुडिओ यांच्या भिंती तिच्या चित्रांत एकमेकींत मिसळतात ते उगाच नाही.

1918 मध्ये स्टॉकहोमच्या लिलियेवाल्क्स कलादालनात ग्रूनेवाल्ड आणि चित्रकार लेआंदेर एंगस्त्रोम यांच्यासोबत तिची चित्रं लागली. समीक्षकांनी वर्षानुवर्षं तिच्या कामाला मूर्खपणा म्हटलं, थोतांड म्हटलं, पंगुत्वाची निपज म्हटलं. ही भाषा मला फार खुपते, कारण पुढे तिला खरोखरच आजार गाठणार होता. 1932 मध्ये स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. 1937 मध्ये घटस्फोट. 1938 नंतर तिनं चित्रं काढली नाहीत. बेकोम्बेर्या मनोरुग्णालयात वर्षं गेली आणि 1948 मध्ये लोबोटॉमी ही मेंदूवरची शस्त्रक्रिया बिघडून, वयाच्या 62व्या वर्षी, तिचा मृत्यू झाला. हा शेवट ठाऊक असला की 1916च्या त्या निळ्या डोळ्यांत वेडाची चाहूल शोधायचा मोह होतो. तो मी पूर्णपणे नाकारते. निदानाच्या सोळा वर्षं आधीचं ते चित्र आहे. त्यातली दुभंगलेली बाई हे लक्षण नव्हे, ती रचना आहे; पूर्ण शुद्धीतल्या, तल्लख बाईनं केलेली.

आजाराच्या सावटातली चित्रंही याच नजरेनं पाहायला हवीत. विसाच्या दशकात, पॅरिसच्या वास्तव्यात, तिचे रंग आधी थंडावत गेले, मग गडद झाले. तिरके फटकारे वाढले, चित्रभर ताण आला. 1932 मध्ये स्वीडनला परतल्यावर ती झपाटल्यासारखी रंगवत राहिली. भीती या चित्रांत आहे, कुणीही ती पाहू शकेल. पण तिरक्या फटकाऱ्यांखाली रंगांचा तोल सुटत नाही, एका रंगाशेजारी दुसरा कोणता ठेवायचा हे तिचा हात शेवटपर्यंत विसरत नाही. 1936 मध्ये स्टॉकहोमच्या शाही कला अकादमीत तिच्या सुमारे पाचशे कलाकृतींचं एकल प्रदर्शन भरलं, आणि स्वीडनमधल्या सर्वांत अस्सल आधुनिक चित्रकारांपैकी ती एक आहे हे अखेर समीक्षकांनी लिहिलं.