तंत्राचा सल्ला आणि सचोटीचा सल्ला

ना. सी. फडके यांचे 'प्रतिभासाधन' (१९३१) हे पुस्तक आज बहुधा न वाचताच नाकारले जाते. १९४५ नंतर नवकथेच्या समर्थनार्थ जी समीक्षा लिहिली गेली, तिने 'फडकेतंत्र' या शब्दाला दूषणाचा अर्थ दिला आणि पुढच्या पिढ्यांनी तो वारसाहक्काने स्वीकारला. नाकारण्याजोगे त्या पुस्तकात पुष्कळ आहे. परंतु होतकरू कथालेखकाला व्यावहारिक मार्गदर्शन करावे की नाही, या प्रश्नाचा निकालही फडके यांच्या दोषांवरूनच लावला गेला, हे मराठी समीक्षेला महागात पडले आहे.

मुळात असे मार्गदर्शन ही काही पाश्चात्त्य आयात नव्हे. मम्मटाने काव्यहेतू सांगताना शक्तीच्या जोडीला निपुणता आणि अभ्यास यांना स्थान दिले. हा अभ्यास काव्यज्ञांच्या शिकवणुकीने व्हावा, असेही म्हटले. राजशेखराची 'काव्यमीमांसा' तर कवीच्या दिवसाची प्रहरवार आखणी करून देते. प्रतिभेचे माहात्म्य गाणाऱ्या या परंपरेला सल्ल्याचे वावडे नव्हते. ते वावडे रोमँटिक कविकल्पनेतून आले, आणि देशीपणाचा आग्रह धरणाऱ्यांनीही ते निमूटपणे जपले, हा एक विनोदच.

फडके यांची मर्यादा वेगळ्याच ठिकाणी आहे. गुंतागुंत, उत्कंठा, उकल, आकर्षक आरंभ ही त्यांची परिभाषा वाचून झालेल्या कथेच्या परिणामावरून बेतलेली आहे. वाचकाला जे शेवटी जाणवते ते लेखकाने आरंभीच योजावे, असा एक क्रम तीत गृहीत धरलेला असतो. लेखनप्रक्रिया अशी क्वचितच चालते. शिवाय 'दौलत' (१९२९) सारख्या स्वतःच्या कादंबऱ्यांत यशस्वी ठरलेला रूपबंध हाच जणू कथनाचा रूपबंध, अशी त्यांची धारणा दिसते. तथापि, त्यांचा सल्ला लेखकाला करून पाहण्याजोगे काहीतरी सांगतो. तो पाळता येतो, पारखता येतो आणि निरुपयोगी ठरला तर टाकूनही देता येतो.

त्याच्या जागी आलेल्या सल्ल्याविषयी असे म्हणता येत नाही. 'अनुभवाशी प्रामाणिक राहा' हे वचन लेखकाने कसे असावे ते सांगते. त्याने पुढचे पान कसे लिहावे याविषयी मौन पाळते. पुष्कळदा ते प्रोत्साहन म्हणून उच्चारले जाते आणि मनाई म्हणून वापरले जाते. या मनाईचा एक जुना नमुना इंग्रजीत आहे. १८८४ मधील लंडनच्या व्याख्यानात वॉल्टर बेझंट यांनी शांत खेड्यात वाढलेल्या तरुणीने लष्करी छावणीतील जीवन रंगवू नये, असा नियम सांगितला. हेन्री जेम्स यांनी त्याच वर्षी 'द आर्ट ऑफ फिक्शन' या निबंधात त्याला उत्तर दिले. फ्रान्समधील प्रॉटेस्टंट तरुणांचे जीवन रंगवणाऱ्या एका इंग्रज लेखिकेचे भांडवल एवढेच होते, की पॅरिसमध्ये जिना चढताना उघड्या दारातून तिला असे काही तरुण आटोपलेल्या जेवणाच्या टेबलाभोवती बसलेले दिसले होते. अनुभव म्हणजे घडलेल्या घटनांचा साठा नव्हे, तर ग्रहणशक्ती, हा जेम्स यांचा मुद्दा. बेझंट यांचे नियम त्यांना प्रेरक वाटतात. काटेकोर मात्र वाटत नाहीत.

मराठीत हा प्रश्न अधिक गंभीर रूपात उभा राहतो तो बाबुराव बागूल यांच्यासंदर्भात. 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेची चर्चा अनुभवाच्या दाहकतेपाशी येऊन थांबते. या कथेचे शीर्षकच गुपित फोडते. निवेदकाने जात लपवली आहे हे वाचकाला आधीच ठाऊक आहे. त्याला घरात ठेवून घेणाऱ्यांना ठाऊक नाही. परिणामी स्नेहाचा, आदराचा प्रत्येक प्रसंग धोक्याचा होतो. काय उघड होणार हा प्रश्न उरतच नाही. केव्हा आणि कोणासमोर, एवढाच उरतो. ही उत्कंठाच आहे. वाचक आणि पात्रे यांच्यात माहितीचे असमान वाटप करून ती साधलेली आहे. फडके यांच्या परिभाषेत तिचे वर्णन सहज करता येईल. मात्र ते ज्या मनोरंजनासाठी ती वापरत, त्याचा इथे मागमूसही नाही.

'अनुभवच इतका प्रखर, की रचनेची गरज भासत नाही' हा अभिप्राय वरकरणी गौरवाचा वाटतो. वस्तुतः तो बागूल यांचे लेखकपणच काढून घेतो: त्यांच्याकडे जीवन सोपवतो आणि कला इतरांसाठी राखून ठेवतो. दलित साहित्याच्या समर्थकांनी अनुभवाच्या अस्सलतेवर भर देण्यामागे सबळ सांस्कृतिक कारणे होती. पण त्या भराचा हा दुष्परिणाम नजरेआड करता येणार नाही.

लेखन-कार्यशाळेत येणाऱ्या, घराण्यात पहिल्यांदाच लेखणी हाती घेणाऱ्या तरुणाला 'तुझ्याकडे अनुभव आहे, लिही' असे सांगितले जाते. त्याला उभारी येते. दुसऱ्या पानावर तो अडतो. तिथे त्याला विचारावे लागते ते असे: हे कोण सांगतो आहे, घटना घडून किती काळ लोटल्यावर सांगतो आहे, वाचकाला पात्राच्या आधी काय कळते? हे प्रश्न कच्चा खर्डा तयार झाल्यावर विचारले तर उपयोगी पडतात, आधी विचारले तर लेखणी जखडतात. फडके यांचा उत्कंठाविचार अशा पुनर्लेखनाच्या टप्प्यावर आजही वापरता येईल. उदाहरणे तेवढी बदलावी लागतील, आणि त्यांतले पहिले बागूल यांच्या या कथेचे असावे.