मेंकिटी, ग्येके आणि व्यक्तित्वाचा प्रश्न

‘समाजामुळेच माणूस माणूस होतो’ हे आफ्रिकी तत्त्वज्ञानाचे सार म्हणून तुम्ही पाठ केले असेल, तर थोडे थांबा. नायजेरियाचे इफेआनी मेंकिटी १९८४च्या निबंधात म्हणतात, की व्यक्तित्व जन्मतः मिळत नाही. समाजात कर्तव्ये पार पाडत ते कमवावे लागते, आणि त्यात अपयशही येऊ शकते. मग रूढीलाच नकार देणाऱ्या तरुणीचे काय? तिचे व्यक्तित्व कोण ठरवणार? घानाचे क्वामे ग्येके नेमके इथेच अडवतात: समाज माणसाला घडवतो, पण विवेक आणि निवड त्याची स्वतःचीही असते. मेंकिटींचे व्यक्तित्व नैतिक अर्थाचे आहे, हे मात्र ग्येके पुरेसे लक्षात घेत नाहीत. तरीही त्या निबंधात हक्क कर्तव्यांपुढे दुय्यमच ठरतात, आणि त्या तरुणीला उत्तर मिळत नाही.