धरणाचं पाणी आणि ‘रिंगाण’चं वाचन

कादंबरीवर आठ-दहा जण एकत्र बसून बोलतात, त्या बोलण्याला समीक्षा म्हणायचं का? समीक्षेचा इतिहास लिहिताना आपण नियतकालिकं, ग्रंथ, विद्यापीठांतले प्रबंध पाहतो. वाचकगटातलं बोलणं हवेत विरतं, म्हणून ते हिशेबात धरलं जात नाही. सोलापुरातल्या एका लहानशा वाचकगटात मी बसतो आणि तिथल्या चर्चांची टिपणं ठेवतो. त्यांतल्या दोन कादंबऱ्यांबद्दल इथे लिहितो आहे: विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ आणि कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’. पहिलीला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार, दुसरीला २०२३ चा. दोन्हींच्या मुळाशी धरणामुळे उठलेलं गाव आहे.

सोलापुरात या विषयाकडे लांबून पाहता येत नाही. शहराला पाणी येतं उजनीचं. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. माढा, करमाळा, इंदापूर, कर्जत या तालुक्यांतली गावं त्यात गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि त्याचे फोटो वर्तमानपत्रांत छापून येतात. गटातल्या एकाचं आजोळ त्याच बुडीत क्षेत्रातलं. म्हणजे एकाच टेबलाभोवती पाणी पिणारे आणि पाण्याखाली गेलेले, दोघंही बसलेले.

‘झाडाझडती’वर बोलणं सोपं गेलं. मोबदला, पर्यायी जमीन, दाखल्यांसाठीचे हेलपाटे, मधले दलाल... प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी होतं. पाटील स्वतः प्रशासकीय सेवेतले. कागद कसा फिरतो आणि कुठे अडतो हे त्यांना आतून ठाऊक आहे, आणि कादंबरीचं बळ त्या माहितीत आहे. पण दोन तास उलटून गेल्यावर लक्षात आलं की, कादंबरी मिटून बराच वेळ झाला होता आणि चर्चा पुनर्वसनाच्या धोरणावर चालली होती. वाचकगटांचा हा नेहमीचा रोग. ‘विषय महत्त्वाचा आहे’ हे वाक्य तिथे प्रमाणपत्रासारखं दिलं जातं, आणि ते दिलं की पुस्तकाकडे पाहायची गरज उरत नाही.

‘रिंगाण’ने ती सोय ठेवली नाही. विस्थापित झालेला एक माणूस मागे सोडून आलेली म्हैस आणायला जुन्या मुलखात परत जातो. म्हैस तोवर रानटी झालेली असते. एवढीच गोष्ट. “यात धरण आहेच कुठे?” असं एका निवृत्त अधिकाऱ्यांनी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. त्यावर विणकर कुटुंबातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या एका बाईंनी जे म्हटलं ते मी जसंच्या तसं टिपून ठेवलं आहे: “म्हशीच्या बाजूनं बघा ना. ती तिथंच राहिली. आता हा दोर घेऊन आलाय, चल म्हणतोय. सरकार ह्याच्याकडं असंच आलं असणार की.”

माझ्या मते ‘रिंगाण’ची किल्ली इथे आहे. माणूस विरुद्ध निसर्ग अशी सोपी मांडणी केली तर पाठलागातला थरार तेवढा हाती लागतो. पण दावणीचा हक्क सांगत येणारा माणूस स्वतःच कुणाच्या तरी हक्कापायी उठवला गेलेला आहे. उठवणारा आणि उठवला गेलेला या दोन्ही भूमिका खोत एकाच देहात ठेवतात, आणि त्यासाठी त्यांना सरकारी कचेरीचं एकही पान लागत नाही. ‘झाडाझडती’ अन्यायाची नोंद करते. ‘रिंगाण’ अन्याय सोसलेल्या माणसाच्या हातात दोर देते. दुसरं काम अवघड आहे, म्हणून मी ‘रिंगाण’ला वरची जागा देतो. कादंबरीत काही ठिकाणी पाठलाग तोच तो वाटतो, हे मात्र बोलायला हवं. गटात ते कुणी बोललं नाही. पुरस्काराचा दबाव असतो, दुसरं काय!

भाषेचा अनुभव वेगळाच. खोतांची बोली पन्हाळ्याकडची. सोलापूरची मराठी कानडी-तेलुगूच्या शेजारात वाढलेली, तिचे हेल वेगळे. मनात वाचताना अडखळणाऱ्यांना एकाने मोठ्याने वाचायला सुरुवात केल्यावर वाट सापडली. शब्द अडले तरी वाक्याची चाल कळत होती. बोलीतल्या कादंबऱ्या शहरी वाचकाला ‘कळत नाहीत’ अशी तक्रार करण्याआधी दहा पानं मोठ्याने वाचून पाहावीत.

बुडीत गावात आजोळ असलेले गृहस्थ त्या दिवशी फारसं बोलले नाहीत. निघताना एवढंच विचारलं, की गाव सोडताना आजोळच्या गुरांचं काय झालं हे त्यांनी घरात कुणाला कधी विचारलंच नव्हतं. आता सांगणारं कोण उरलंय?

पुढच्या बैठकीला शरणकुमार लिंबाळे यांची ‘सनातन’ ठरली आहे. लिंबाळे मूळचे अक्कलकोट तालुक्यातले, आपल्या जिल्ह्याचे. त्यामुळे ‘हे असंच घडलं होतं का?’ हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येणार, हे धरूनच मी वही घेऊन जाणार आहे.