एका शब्दाचे कुलवृत्त

‘मराठीत विश्वसाहित्याच्या तोडीचे आहे तरी काय?’ असा उसासा आपल्या साहित्यसभांतून दरसाल निघतो. हा ‘विश्वसाहित्य’ शब्द जर्मन ‘वेल्टलिटराटूर’चा मराठी अवतार, आणि त्याचे पितृत्व आपण बिनदिक्कत महाकवी गटेला देऊन मोकळे होतो. मला हा निकाल मान्य नाही.

आधी शब्दच पाहू. ‘लिटराटूर’ लॅटिनमधून आलेला. त्याच्या मुळाशी ‘लिटेरा’, म्हणजे अक्षर. खरी गंमत ‘वेल्ट’ची. जग या अर्थाचा हा शब्द स्वतःच एक झिजलेला समास आहे. जुन्या जर्मनमध्ये तो ‘वेराल्ट’ होता: ‘वेर’ म्हणजे मनुष्य, पुढचे पद वयाचे, युगाचे. हा ‘वेर’ आपल्या ‘वीर’चा चुलतभाऊ! तेव्हा जग म्हणजे माणसाचे युग. (आमचे ‘साहित्य’ ‘सहित’मधून निघाले आणि करंज्यांच्या सारणापर्यंत पोहोचले, ते वेगळेच.)

३१ जानेवारी १८२७ रोजी वायमारला एका चिनी कादंबरीविषयी एकरमानशी बोलताना सत्त्याहत्तर वर्षांच्या गटेने हा शब्द वापरला, आणि तो जगभर झाला. परंतु १८१३ साली वारलेल्या वीलांटच्या हस्तलिखित टिपणांत तो आधीच आहे; तिथे त्याचा रोख सुसंस्कृत, जग पाहिलेल्या माणसाच्या वाङ्मयाकडे आहे. त्याहून जुना पुरावा १७७३चा, श्लोएत्सर या इतिहासकाराचा. तो लिहीत होता कशावर? आइसलँडच्या वाङ्मयावर! मूठभर लोकांच्या, बर्फाळ बेटावरच्या भाषेला विश्वसाहित्यात मोल आहे, पण आपल्याला ते ठाऊक नाही, ही त्याची खंत. आइसलँडची योग्यता त्याने तपासायला घेतली नव्हती. उणे होते ते वाचणाऱ्यांच्या माहितीत. आपले वक्ते नेमके उलटे रडतात.

बरे, गटे तरी काय मुळातून वाचत होता? ती चिनी कादंबरी भाषांतरातली. त्याचे लाडके ‘शाकुंतल’ तर भाषांतराचे भाषांतर: जोन्सने १७८९ साली इंग्रजीत आणले, त्यावरून फोर्स्टरने १७९१ साली जर्मनमध्ये. दोन गाळण्यांतून उतरलेला हा कालिदास; तरीही ‘फाउस्ट’च्या आरंभीच्या नाट्यगृहातल्या प्रवेशात अभ्यासकांना आपल्या सूत्रधार-नटीची सावली दिसते.